आधी सही कुणाची लागते ते शोधा, उपोषणाचं मग बघू

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा की तुम्ही पुण्यातली नोकरी सोडून सांगलीला परत आलात, शामरावनगरच्या बाजूला गुंठेवारीतल्या एका कॉलनीत घर आहे, पावसाळा आला की गुडघाभर चिखल, गटार नाही, शाळेची व्हॅन कोपऱ्यावरच थांबते. कॉलनीचा दोनशे जणांचा व्हॉट्सॲप ग्रुप केलात, निवेदनं दिलीत, नगरसेवक प्रत्येक वेळी "बघतो, करू की" म्हणाले, आणि मोर्चा काढायचा ठरला त्या दिवशी नऊ जण आले. आता विचारताय की संघटना रजिस्टर करावी, उपोषणाला बसावं, का सरळ पुढच्या इलेक्शनला उभं राहावं. आणि जाता जाता लिहिलंय की या शहरात काही होणारच नाही असं वाटायला लागलंय.

शहराचं शेवटी बोलू. आधी मी कुठून बोलतेय ते सांगते, म्हणजे माझं किती मनावर घ्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. सांगली-मिरजेत नागरी प्रश्नांवर वीसेक वर्षं काम करतेय, पाणी, ड्रेनेज, गुंठेवारी, पूर ओसरल्यावरचे पंचनामे, हेच सगळं. कुठल्या पक्षात नाही, पण चहा सगळ्यांच्यात प्यालेय. वकील नाही, इंजिनिअर नाही, फाईल वाचता येते एवढंच.

माणसं येत नाहीत हे तुम्हाला सगळ्यात जास्त लागलंय, ते कळतंय मला, पण माझ्या मते घोडं तिथं पेंड खात नाहीये. तुमची मागणी आहे "रस्ता करा, गटार करा". या मागणीला आजवर कुणी नाही म्हटलंय का? नगरसेवक हो म्हणतो, आमदार हो म्हणतात, इंजिनिअर मान हलवतो, आयुक्त निवेदन घेताना फोटोला उभे राहतात. सगळे हो म्हणतात कारण त्या मागणीत एका कुणाचं काही अडकत नाही. मागणी एवढी बारीक करावी लागते की एका माणसापुढं कागद ठेवून सांगता यावं, साहेब, इथं तुमची सही लागते आणि ती झालेली नाही. तिथंवर तुम्ही पोचलात की पाच माणसं पुरतात. नाही पोचलात तर पाचशे आणलीत तरी सगळे मिळून आश्वासन घेऊन घरी येतात.

आता ती सही कुणाची, हे तुमच्या कॉलनीच्या कागदांवर अवलंबून आहे, म्हणून मी उत्तर देऊन टाकण्यापेक्षा शोधायचं कसं ते सांगते.

पहिलं म्हणजे रस्ता कुणाच्या नावावर आहे. हसू नका. गुंठेवारीत शेतकऱ्यानं शेत तुकड्यात विकलेलं असतं, कागदावर दोन-दोन गुंठे पाडलेले असतात, मधे रस्ता सोडलाय असं सगळे म्हणतात पण तो रस्ता सातबाऱ्यावर अजून मूळ मालकाच्या नावावर असतो, कधी त्याच्या वारसांच्या, आणि वारस अकरा असतात. गुंठेवारीचा कायदा २००१ चा. त्यात आधी १ जानेवारी २००१ पूर्वीच्या प्लॉटांनाच नियमित करता येत होतं, मग २०२१ च्या दुरुस्तीत ही तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढं आणली. म्हणजे तुमच्या आसपासच्या बऱ्याच लोकांना आता नियमितीकरण मिळू शकतं आणि बऱ्याच जणांनी केलेलंच नाही, कारण विकास शुल्क भरायचं म्हटलं की सगळ्यांचं "आधी रस्ता करा मग भरतो", आणि महापालिकेचं "आधी भरा मग करतो". हे भांडण वर्षानुवर्षं चालू राहतं आणि दोघंही आपापल्या जागी खरे असतात. पूररेषेतले किंवा आरक्षणातले प्लॉट असतील तर मग सगळं गणितच बदलतं, ते वेगळं तपासा, त्यात घाई करू नका.

दुसरं, तो डीपी रोड आहे का आतला रस्ता. विकास आराखड्यात दाखवलेला असेल तर भूसंपादन, मोबदला, टीडीआर (जागेच्या बदल्यात दुसरीकडं बांधकामाचा हक्क) असली भानगड येते आणि सही वर जाते, नगररचना विभागाकडं. आतला असेल तर गोष्ट शहर अभियंत्याच्या खात्यात राहते.

एका कॉलनीत असं झालं (नाव सांगत नाही, लोक अजून तिथंच राहतात) की तीन-चार वर्षं निवेदनं चालली होती, नगरसेवकाला शिव्या चालल्या होत्या, मंजुरी येऊनही काम सुरू होत नाही म्हणून ठेकेदारानं पैसे खाल्ले असं सगळ्यांनी ठरवून टाकलेलं. आम्ही फाईल बघितली तर शाखा अभियंत्याचा शेरा होता, लेआऊटप्रमाणे रस्ता नऊ मीटर, जागेवर सात मीटरच्या आत. दोन्हीकडच्या लोकांनी कंपाउंड पुढं घेतलेलं, कुणी पायऱ्या, कुणी तुळशीकट्टा, एकानं तर पार्किंगची शेड. अडवणारे तेच होते जे निवेदनावर पहिली सही करत होते. मग पुढचे चार महिने महापालिकेत जायची गरजच पडली नाही, घराघरात जाऊन टेप लावला, शेजाऱ्यांची भांडणं मिटवली, एका आजोबांनी स्वतः पायऱ्या फोडल्या तेव्हा बाकीचे हलले. मला विचाराल तर लोकल राजकारणातला सगळ्यात अवघड भाग तो होता. मंत्र्याविरुद्ध घोषणा द्यायला काही लागत नाही, समोरच्या घरातल्या काकूंना "तुमचा कट्टा दोन फूट बाहेर आलाय" म्हणून सांगायला लागतं.

तिसरं, पाणी जाणार कुठं. तुमच्याकडची माती काळी, उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पावसात फुगते, तिच्यावर नुसतं मुरूम-खडी टाकून डांबर ओतलं तर पुढच्या जूनमध्ये परत तेच. आणि गटार मागितलं की इंजिनिअरचा पहिला प्रश्न असतो, सोडायचं कुठं? उताराला मोठा नाला किंवा ड्रेनेजची मेन लाईन नसेल तर तुमचं गटार म्हणजे खालच्या कॉलनीच्या दारात पाणी, ते लोक मोर्चा घेऊन येणारच. शिवाय ड्रेनेजची पाईपलाईन यायची असेल तर आज केलेला रस्ता उद्या उकरणार. म्हणून रस्ता पहिला मागू नका असं मी सगळीकडं सांगते आणि सगळीकडं लोक माझ्यावर चिडतात. निचरा आणि ड्रेनेज आधी, रस्ता शेवटी. दरम्यान पावसाळ्यापुरता मुरूम मागून घ्या, तो मिळतो, त्याला फार मोठी सही लागत नाही.

चौथं, पैसा कुठल्या खिशातून. महापालिकेचा स्वतःचा निधी, शासनाची नगरोत्थान योजना, वित्त आयोगाचा निधी, जिल्हा नियोजन समिती, आमदार फंड. आमदाराला वर्षाला पाच कोटी मिळतात, ऐकायला खूप वाटतं पण अख्ख्या मतदारसंघाला वाटले की एका कॉलनीला काय येतं ते करा हिशोब. तुमचं शहर सांगली आणि मिरज अशा दोन विधानसभा मतदारसंघांत विभागलंय, तेव्हा आपण नक्की कुणाचे मतदार ते आधी बघून घ्या, चुकीच्या आमदाराकडं शिष्टमंडळ घेऊन गेलेले लोक मी बघितलेत. प्रत्येक खिशाचा माणूस वेगळा आणि महिना वेगळा. महापालिकेचं बजेट फेब्रुवारी-मार्चला ठरतं, म्हणजे तुमचं काम त्यात नावानं यायचं असेल तर दिवाळीनंतर लगेच एस्टिमेट तयार पाहिजे. जुलैमध्ये चिखलात उभं राहून फोटो काढला की पेपरात येतो, पण त्या वर्षीचे पैसे तेव्हा वाटून झालेले असतात. चिखलाचे फोटो जुलैत काढा, वापरा नोव्हेंबरात.

आता हे सगळं कळायचं कसं. लोक लगेच माहिती अधिकार टाकतात आणि त्यात लिहितात, "आमच्या कॉलनीचा रस्ता अद्याप का झाला नाही याचा खुलासा करावा". याला उत्तर येतं की असा खुलासा माहितीच्या व्याख्येत बसत नाही, आणि ते उत्तर नियमानं बरोबर असतं. 'का' विचारायचं नाही, कागद मागायचा. मंजूर लेआऊटची नक्कल, एस्टिमेटची नक्कल, फाईलवरच्या शेऱ्यांची म्हणजे टिपणीची नक्कल, काम झालेलं दाखवलं असेल तर वर्क ऑर्डर आणि मोजमाप पुस्तक, ज्याला सगळे एमबी म्हणतात. आपल्या राज्याच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील, तेही तीस दिवसांच्या आत. त्याच्या पुढं दुसऱ्या अपिलाला आयोगाकडं गेलात की मग वेळेचं काही खरं नाही, म्हणून मी शक्यतो तिथं जायची वेळच येऊ देत नाही.

त्याआधी एक सोपी गोष्ट आहे जी फार कमी लोक करतात. २०१८ च्या शासन परिपत्रकाप्रमाणं दर सोमवारी दुपारी तीन ते पाच नागरिकांना कार्यालयातली कागदपत्रं बघायला मिळायला पाहिजेत. अर्ज वगैरे नंतर, आधी तिथं जाऊन बसा. पहिल्यांदा क्लार्क म्हणेल साहेब नाहीत, दुसऱ्यांदा म्हणेल फाईल वर गेलीय, तिसऱ्यांदा खुर्ची देईल. भांडू नका त्याच्याशी. आख्ख्या इमारतीत तुमच्या फाईलचा पत्ता त्या एका माणसाला ठाऊक असतो, आणि त्याला नीट नाव घेऊन हाक मारणारे लोक दिवसात दोन-तीनच येतात. आणि जे काही द्याल त्याची पोच, आवक नंबर आणि तारखेसकट. तोंडी सांगून आलेलं काम म्हणजे न सांगितलेलं काम. महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, तिथं जायला आवक नंबर असलेलं जुनं निवेदन हाताशी असलं की बोलणं वेगळ्या पातळीवर होतं. रस्ता झाल्यावर खराब निघाला तर वर्क ऑर्डरमध्ये दोषदायित्व कालावधी लिहिलेला असतो, तेवढ्या काळात ठेकेदारानं फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो, आणि माहिती अधिकारात कामाचा नमुना सुद्धा मागता येतो, नुसते कागदच नाही.

आता माणसांचं. दोनशेच्या ग्रुपमधनं नऊ आले म्हणून वाईट वाटून घेऊ नका, नऊ म्हणजे चांगलेच आलेत. कॉलनीत कोण राहतं ते बघा ना. कुपवाड एमआयडीसीत शिफ्टला जाणारे, मार्केट यार्डात हमाली नाहीतर दिवाणजी, मिरजेतल्या हॉस्पिटलात वॉर्डबॉय, नर्स, रिक्षा, शिवणकाम. मंगळवारी सकाळी अकरा वाजता मोर्चा ठेवलात म्हणजे त्यांना एक दिवसाचा पगार घालवा म्हणालात. रात्री साडेआठला, मारुतीच्या देवळात किंवा गणेश मंडळाच्या शेडमध्ये, पाऊण तासाची मीटिंग ठेवा, चहा ठेवा, आणि उठताना प्रत्येकाला एक छोटं काम द्या. कुणी घरं मोजायची, कुणी पाणी तुंबलेल्या जागांचे तारखेसह फोटो, कुणी सोमवारी तीन वाजता जायचं. ज्याला काम दिलं तो परत येतो, ज्याला भाषण दिलं तो येत नाही.

बायकांना बोलवा, पण "महिलांनीही उपस्थित राहावे" असं ग्रुपवर टाकून बोलवू नका. पाणी कुठल्या दिवशी, किती वाजता, किती वेळ येतं, कुठल्या कोपऱ्यावर मुलं घसरतात, घंटागाडी कधी चुकते, हे सगळं त्यांच्याकडं असतं आणि मीटिंगला मात्र त्यांचे नवरे येऊन नगरसेवकाला शिव्या देऊन जातात. मी तर पहिली मीटिंग बायकांचीच घेते, पाणी येऊन गेल्यावर. व्हॉट्सॲप ग्रुपवर फक्त तारीख, पोच आणि फोटो. गुड मॉर्निंग आणि पक्षाचे व्हिडिओ सुरू झाले की ग्रुप संपला म्हणून समजा, तिथं ॲडमिननं थोडं वाईट व्हावंच लागतं.

पैशाचं अगदी पहिल्या दिवसापासून वहीत लिहा. घरटी वीस-पन्नास रुपये, झेरॉक्स आणि रिक्षाचा खर्च, महिन्याला तोच हिशोब ग्रुपवर. आणि खुर्च्या-मंडप निवडणुकीच्या कुठल्याही इच्छुकाकडून घेऊ नका. प्रेमानं देतो तो, खरंच प्रेमानं देतो, पण पुढच्या फलकावर तुमच्या कॉलनीसकट त्याचा फोटो असतो आणि मग दुसरा गट तुमच्या फाईलकडं त्याची फाईल म्हणून बघायला लागतो.

संघटना रजिस्टर करावी का? आत्ता नको. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सात माणसं लागतात, मग आपल्याकडं सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्याखाली पण नोंद, दरवर्षी ऑडिट, पदाधिकारी बदलला की बदल अर्ज. दोन वर्षांत अध्यक्ष कोण यावरून भांडण होतं आणि ते धर्मादाय कार्यालयात जाऊन बसतं, रस्ता राहतो बाजूला. निवेदन द्यायला, माहिती मागायला, फाईल बघायला रजिस्ट्रेशन लागत नाही. देणग्या घ्यायच्या असतील किंवा कोर्टात जनहित याचिकेसारखं काही करायचं असेल तेव्हा वकिलाला विचारून ठरवा.

उपोषण. याच्या मी विरोधात नाही, पण ते आधी वापरायचं हत्यार नव्हे. तुम्हाला माहीत असेलच, १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीच्या आधीच्या आठवड्यात उपोषणाच्या इशाऱ्यांची निवेदनं ढिगानं येतात. पोलीस नोटीस काढतात, आदल्या संध्याकाळी खात्याचा माणूस लेखी आश्वासन घेऊन येतो, फोटो निघतो, उपोषण मागे. त्या कागदात काय लिहिलंय ते बघायला शिका. "सदर कामाबाबत कार्यवाही प्रस्तावित आहे" किंवा "निधी उपलब्धतेनुसार काम हाती घेण्यात येईल" याचा अर्थ काहीही नाही. त्यात कामाचं नाव, रक्कम, कुठल्या लेखाशीर्षातून म्हणजे बजेटच्या कुठल्या खात्यातून, आणि पुढची फाईल कुणाकडं कुठल्या तारखेपर्यंत जाणार हे पाहिजे. म्हणजे उपोषणाला बसायच्या आधीच तुम्हाला पाहिजे त्या पत्राचा मसुदा तुमच्या खिशात पाहिजे. तो मसुदा तुम्हाला लिहिता येत नसेल तर अजून बसायची वेळ आलेली नाही. डायबेटीसवाल्यांना बसवू नका, हेही सांगून ठेवते.

आता नगरसेवक. इथं मी जरा त्यांच्या बाजूनं बोलणार आहे. आपल्याकडं ७८ नगरसेवक, २० प्रभाग, म्हणजे बहुतेक प्रभागात चार आणि दोन प्रभागांत तीन. चार जण म्हणजे चौघांचंही काम आणि कुणाचंच नाही. एक म्हणतो त्या भागाचं ते बघतात, ते म्हणतात मागच्या टर्मला मी केलं आता त्यांचं. तुम्ही चौघांकडं वेगवेगळे जाऊ नका, चौघांच्या नावानं एकच पत्र द्या आणि चौघांची पोच घ्या. आणि पक्षाच्या लेबलवर फार भरवसा ठेवू नका, ना प्रेमाचा ना रागाचा. २०१८ ला भाजपचे ४१ आले, स्पष्ट बहुमत, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये त्याच सभागृहात महापौर राष्ट्रवादीचा झाला. मग ऑगस्ट २०२३ ला मुदत संपली आणि दोन वर्षांहून जास्त काळ प्रशासक, म्हणजे स्थायी समितीही आयुक्त आणि महासभाही आयुक्त. त्या काळात आम्ही एक गोष्ट बघितली, छोटी कामं पटकन व्हायची कारण सही एकाच टेबलावर होती, पण कुणाला जाब विचारायचा ते कळत नव्हतं. जानेवारी २०२६ ला निवडणूक झाली, आता पुन्हा १६ जणांची स्थायी, पुन्हा टेंडर तिथून जाणार. तेव्हा तुमच्या प्रभागातला कुणी स्थायीत आहे का ते बघून ठेवा, दरवर्षी निम्मे बाहेर पडतात.

नगरसेवक तुमच्याकडं का बघत नाही याचं एक कारण तुम्हाला बहुतेक आवडणार नाही. मतदार यादी काढा. सरळ तुमच्या भागाच्या यादीची प्रिंट काढा आणि घर-घर टिक करा. गुंठेवारी कॉलन्यांत हटकून असं निघतं की घरं दीडशे आणि मतं साठ. कारण अर्ध्यांचं मत अजून गावाकडं, जतला, कवठेमहांकाळला, आटपाडीला, कुणाचं पलीकडं कर्नाटकात. जत्रेला आणि मतदानाला गावी जायचं, तिथं भावकीची ग्रामपंचायत असते, पॅनेलवाले गाडी पाठवतात. राहतात मात्र इथं आणि चिखल इथला. नगरसेवकाच्या डोक्यात ही यादी पाठ असते, तुमची दोनशेची व्हॉट्सॲप मेंबर लिस्ट नाही. ज्यांचं नाव कुठंच नाही त्यांचा फॉर्म ६, ज्यांना पत्ता बदलून इथं आणायचाय त्यांचा फॉर्म ८. हे काम वर्षभर चालू ठेवता येतं आणि याला कुणाची परवानगी लागत नाही. महापालिकेसाठी वेगळी यादी बनत नाही, विधानसभेचीच यादी प्रभागांप्रमाणं फोडतात, त्यात हद्दीवरच्या कॉलनीची नावं शेजारच्या प्रभागात गेलेली सापडतात, म्हणून प्रारूप यादी आली की हरकतीच्या मुदतीत बघायचीच. एका ठिकाणी आम्ही मोर्चा-बिर्चा काही न काढता नुसती मतदार नोंदणीची शिबिरं घेतली तर पुढच्या महिन्यात तीन इच्छुक स्वतः चौकशी करायला आले, कॉलनीत काय अडचणी आहेत म्हणून.

आणि तुम्ही स्वतः उभं राहायचं का? पुढची निवडणूक पाच वर्षांनी, तेव्हा आज ठरवायची गरज नाही, पण आकडा डोक्यात ठेवा. २०११ च्या जनगणनेला शहराची लोकसंख्या पाच लाखांच्या वर होती, म्हणजे तेव्हाच्या हिशोबानं एका प्रभागात सरासरी पंचवीस हजार. तुमच्या कॉलनीतली सगळी मतं एकगठ्ठा मिळाली तरी बाकीच्या वाड्या-वस्त्यांत तुम्हाला कोण ओळखतं? चार जागांच्या प्रभागात पॅनेलवाल्याला दुसऱ्या तिघांची मतं पण मिळतात, अपक्षाला स्वतःचंच. आरक्षणाच्या सोडतीत तुमची जागा राहील का हेही तेव्हाच कळणार. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालं असेल तर उभं राहता येत नाही, हा नियम तर माहीतच असेल. एक कलम मात्र गुंठेवारीतल्या माणसानं नीट वाचावं. महापालिका कायद्याच्या कलम १० मध्ये, नगरसेवकानं स्वतः, जोडीदारानं किंवा त्याच्यावर अवलंबून असणाऱ्यानं बेकायदा बांधकाम केलं असेल तर तो अपात्र ठरू शकतो अशी तरतूद आहे. तुमचं घर नियमित झालंय का? तुम्ही निवडून आलात की हरलेला उमेदवार पहिली फाईल हीच उघडतो. तेव्हा राजकारणात जायचं असो वा नसो, नियमितीकरणाचा अर्ज या वर्षी टाकून द्या.

शहराचं राहिलं. सांगली मागं पडलीय हे मी नाकारत नाही. माधवनगरची मिल बंद झाली, शिकलेली पोरं पुण्याला जातात, हळदीचा बाजार आहे, मिरजेची हॉस्पिटलं आहेत, पण नोकऱ्या म्हणाव्या तशा नाहीत. २००५, २०१९, २०२१, तीन पुरांत बाजारपेठेतल्या दुकानदारांनी जे गमावलं ते परत उभं करताना कर्ज फिटलेलं नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी चाळीस फुटांवर गेलं की इशारा आणि पंचेचाळीसला धोका, आणि २०१९ ला ते सत्तावन्नच्या वर गेलं होतं, त्या आठवड्यानंतर या गावातली माणसं जरा गप्प झालीत असं मला वाटतं. त्यात मोठे प्रश्न वर्षानुवर्षं तसेच. शेरीनाल्याचं बघा, शहराचं सांडपाणी कृष्णेत जातं, आणि ते वाईट आहे यावर सगळ्या पक्षांचं एकमत. उचलून धुळगावला शेतीला द्यायची योजना झाली, तरी प्रत्येक निवडणुकीत शेरीनाला परत जाहीरनाम्यात येतोच. कारण तिथं महापालिका, प्रदूषण मंडळ, राज्याचा पैसा, पंपाचं वीजबिल, शेतकरी अशा इतक्या सह्या आहेत की प्रत्येकाला दुसऱ्याकडं बोट दाखवता येतं. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या उंचीचा विषय तर दोन राज्यं आणि कोर्टापर्यंत गेलेला. या लढाया लढणारी माणसं शहरात आहेत, मला त्यांच्याबद्दल आदर आहे, पण तुम्ही आज तिथं उडी मारू नका. आणि ते प्रश्न सुटत नाहीत म्हणून तुमचा रस्ताही होणार नाही असं समजू नका, दोन्हीच्या फायली वेगळ्या आहेत. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, जिथं पहिलं पाणी येतं तिथले लोक बघा. सरकार पूर थांबवेल म्हणून ते वाट बघत बसत नाहीत, कुणाचं सामान कुठल्या शाळेत, म्हाताऱ्यांना कोण उचलणार, जनावरं कुठं बांधणार, हे त्यांचं आपापसात ठरलेलं असतं. तसली माणसं असलेल्या गावात काही होत नाही हे मला पटत नाही. उशिरा होतं, आणि रटाळ होतं.

तर या सोमवारी दुपारी तीनला एक जण बरोबर घेऊन जा, एकटे जाऊ नका. लेआऊट मागा, त्यावर रस्त्याची रुंदी किती ते लिहून घ्या, मग रविवारी जागेवर टेप लावा. दोन्ही आकडे आणि शेवटचा शेरा कुणाचा आहे एवढं मला कळवा, कॉलनीचं नाव नको. रुंदी जुळत असेल तर निचऱ्याच्या एस्टिमेटचं पत्र कसं लिहायचं ते सांगते. जुळत नसेल तर पत्राची घाई नाही, आधी शेजाऱ्यांकडं चहाला जावं लागेल.